आठ दिवसांचं ग्रीस

आमच्या सौंसरच्या टँकची नळी मी कळती झाल्यापासून एका चहाच्या टपरीवर रोखलेली होती. गिऱ्हाईक टपरीवाल्याला म्हणायचे, चहा पातळ केला तर याद राख, तोफ भरलेली आहे. तो म्हणायचा, भरली आहे, पण चिमण्यांनी. ते खरं होतं. नळीच्या तोंडाशी दरवर्षी एखादं घरटं असायचंच.

टँक एकाहत्तरच्या लढाईतला. लढाईनंतर बऱ्याच वर्षांनी सैन्यानं तो गावाला शोभेसाठी दिला, इंजिन काढून आणि तोफ निकामी करून. मैदानाच्या कोपऱ्यात सिमेंटचा ओटा बांधून त्यावर ठेवला. पहिली काही वर्षं पंधरा ऑगस्टला त्याला हार पडायचा. मग हार थांबला. खालच्या सावलीत शेळ्या बसायला लागल्या, वर कुणीकुणी गोधड्या वाळत घालायला लागलं, आणि आतलं जे हातानं निघण्यासारखं होतं ते लोकांनी काढून नेलं. तीनेक वर्षांपूर्वी मैदान नीट करायचं निघालं, तेव्हा हे लोखंड भंगारात काढून टाका अशी बोलणी सुरू झाली.

ती बोलणी ऐकून एक निवृत्त सुभेदार उठले. गावाबाहेर त्यांची संत्र्याची बाग आहे. अशाच टँकवर त्यांची अर्धी नोकरी गेलेली. ते घरोघर हिंडून म्हणाले की इंजिन नाही, म्हणजे चालणार तर नाहीच, पण मुंडकं फिरलं पाहिजे. मुंडकं म्हणजे टँकचा वरचा गोल भाग, ज्यात तोफ बसवलेली असते. आत एक हँडल असतं. ते फिरवलं की एक छोटा गिअरबॉक्स मुंडक्याला हळूहळू वळवतो, तोफेसकट. हँडलसमोर एका माणसाची लोखंडी सीट असते. सुभेदारसाहेबांचं म्हणणं होतं की सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की सगळ्या गावासमोर मुंडकं फिरवायचं, मग भंगाराचं नाव कोण काढतो ते पाहू.

त्या सीटवर मला बसायचं होतं, आणि ते माझ्या बापानं पाहावं असं मला वाटत होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी जे केलं ते समजेल. मान्य नाही झालं तरी समजेल.

मी मेकॅनिकलची इंजिनियर आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी आठवीच्या वर गेलेलं नाही. आई संत्र्याच्या तोडणीला जायची, बाबा जिनात हमाल होते. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. मी नागपुरात राहून शिकले. एक वर्ष गेलंही, ते लपवत नाही. आता इथल्याच एका आयटीआयत शिकवते, आणि पोरं मला मॅडम म्हणतात. मला याचा गर्व आहे. माझ्या जागी ज्याला नसेल त्यानं सांगावं.

पण डिग्री घरी आणली त्या दिवशी बाबांनी ती हातात घेतली, समोरून पाहिली, उलटून पाहिली, मागं काही लिहिलेलं नाही हे पाहून परत दिली आणि म्हणाले, "जपून ठेवजो." बस. एवढंच.

बाबांच्या तोंडी कौतुक असायचं ते एकाच माणसाचं, जिनातल्या मिस्त्रीचं. चौथी शिकलेला माणूस. बंद पडलेली मशीन त्यानं नुसती ऐकून कशी सांगितली, वायसर हातानं कापून कसा बसवला, मालकाला कसं तोंडावर सांगितलं की ही मशीन आज चालणार नाही म्हणजे नाही. मी लहानपणापासून हे ऐकत आले. त्यात बाबांचं एक ठरलेलं वाक्य असायचं: "दरसाल पहिली मशीन मी चालू करो." हंगाम सुरू होताना कारखान्यातली पहिली मशीन म्हणे एका हमालाच्या हातून सुरू व्हायची. मला वाटायचं, म्हातारा फेकतो. एकदा आयटीआयतल्या दोन मॅडम घरी आल्या होत्या आणि बाबांनी हेच सुरू केलं, तेव्हा मी मधेच, बाबा चहा उतू चालला, असं सांगून त्यांना उठवलं होतं. चहा उतू जात नव्हता.

सुभेदारसाहेबांनी टँकसाठी माणसं गोळा केली तेव्हा मी स्वतःहून नाव दिलं. मनात आलं, आता बाबा पाहतील. दुसऱ्या दिवशी मैदानात गेले तर टँकवर मिस्त्री आधीच चढलेला, आणि खाली संत्र्याच्या रिकाम्या पेटीवर बाबा बसलेले. मिस्त्रीनं नाव दिलं हे कळल्यावर ते आले होते.

मग पुढची दोन वर्षं दर रविवारी असंच. मी, मिस्त्री, सुभेदारसाहेब, आणि येतील तेव्हा येणारे आणखी तीन-चार जण. बाबा पेटीवर. मुंडकं ज्या लोखंडी गोळ्यांवर फिरतं त्या गोळ्या गंजून एकमेकींना चिकटल्या होत्या. डिझेल आणि रॉकेल ओतून-ओतून त्या सुटल्या. एकेक गोळी बाबा चिंधीनं पुसून ओळीत मांडायचे. चहा आला की आधी मिस्त्रीला न्यायचे, मग सुभेदारांना, मग मला. मी मोजत होते. एकाही रविवारी हा क्रम चुकला नाही.

गोळ्यांच्या खोबणीत धूळ-पाणी जाऊ नये म्हणून एक रबरी कडं असतं, ते कुजून गेलं होतं. मी व्हर्निअरनं मापं घेतली, चित्र काढलं, नागपूरच्या भंगार बाजारात तीन चकरा मारल्या, जबलपूरच्या बाजूच्या एका जुन्या मालाच्या व्यापाऱ्याला फोटो पाठवले. तसं कडं कुठंच मिळेना. चौथ्या चकरेहून परतले तर काम झालेलं होतं. जिनाच्या रोलरवर चामड्याच्या चकत्या दाबून बसवलेल्या असतात, त्यांच्यावर कापूस घासला जातो. मिस्त्रीनं बंद पडलेल्या जिनातून तसे जुने रोलर आणले होते. चकत्या काढून, पट्ट्या कापून, टोकाला टोक शिवून, तेलात भिजवून त्यानं अख्खं कडं बनवलं होतं. बसवलंही होतं. त्यात बोट घालायला फट नव्हती. मी शोधली.

"मॅडमच्या मापानंच कापलं," मिस्त्री सुभेदारांना सांगत होता. "माप नसतं तं नसतं झालं."

हे त्यानं खरंच म्हटलं होतं. पण बाबांनी गावात जे सांगितलं त्यात माप नव्हतं. त्यात मिस्त्री होता, चामडं होतं आणि सुई-दोरा होता. किराणा दुकानात मी साबण घ्यायला गेले तर दुकानदारानं मलाच ती गोष्ट सांगितली.

आता राहिला होता तो हँडलचा गिअरबॉक्स. तो कुणीतरी फार आधीच खोलून नेला होता. जागेवर बोल्टची चार भोकं आणि नंबराची एक पट्टी एवढंच उरलं होतं. त्याच्यासाठी मी वर्षभर हिंडले. ज्याच्या-त्याच्या दुकानात मोबाइलवरचं चित्र दाखवायचं, आणि तो म्हणायचा, ताई, टँक कुणी भंगारात आणतं का? शेवटी मिस्त्री म्हणाला, सरकी वर चढवायच्या जुन्या पट्ट्याचा गिअरबॉक्स पडून आहे, तो जमवतो, फक्त पुढचं छोटं दातेरी चाक खरादीवर, म्हणजे लेथवर, नवीन बनवावं लागेल. सुभेदारांनी हो म्हटलं. बाबांनी मान डोलावली, जणू त्यांनाही कुणी विचारलं होतं.

मी घरी जाऊन कागदावर गणित मांडलं. तोफेसकट मुंडक्याचं वजन, दाताची जाडी, साधं लोखंड. दात टिकत नव्हता. दोनदा मांडलं, दोन्ही वेळा टिकत नव्हता. कागद घडी करून पुस्तकात ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं, असं मी स्वतःला समजावलं.

त्यानंतरच्या शनिवारी परीक्षेच्या कामानं पांढुर्ण्याला गेले होते. काम लवकर आटोपलं. सावरगावच्या पुलाकडं जाणाऱ्या रस्त्यावर एक भंगारवाला आहे, त्याच्याकडं मी कधी गेले नव्हते. नागपूर, जबलपूर पालथं घातलं होतं, तासाभरावरचं पांढुर्णा राहिलं होतं. त्याच्या ताडपत्रीच्या एका कोपऱ्यावर वजन म्हणून एक लोखंडी डबा ठेवलेला होता. बाजूला चार बोल्टची भोकं.

मी खाली बसून ओढणीनं त्याची कड पुसली. ठोकलेला नंबर निघाला. मोबाइलमधल्या फोटोशी ताडून पाहिला. टँकमधल्या पट्टीवर होता तोच. हा डबा म्हणजे आमच्याच टँकचा गिअरबॉक्स होता.

भंगारवाला म्हणाला की त्याच्या वडिलांच्या वेळेपासून तो डबा तिथंच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगावचे लोक नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर दगड फेकतात, ती गोटमार. "गोटमारीच्या दिवशी इथला दगड दगड उचलते लोक, ताई. याले कोनं हात नाई लावला. लई जड हाय."

पोत्यात घालून त्यानं आणि त्याच्या गड्यानं तो बसमध्ये चढवून दिला. बसमध्ये जामसांवलीला जाणारे भक्त खचाखच. शेजारच्या बाईनं पायाशी पोतं पाहून विचारलं, मंदिरात द्यायची घंटा आहे का? मी हो म्हटलं. त्या बाईनं पोत्याला हात लावून नमस्कार केला. जामसांवलीला बस रिकामी झाली आणि मी खिडकीशी बसून उरलेला रस्ताभर एकच विचार करत आले. उद्या रविवार. हा डबा मैदानात नेला तर काय होईल? सुभेदार खूश होतील. मिस्त्री डबा हातात घेईल, उलटून-पालटून पाहील, तोच बसवील, आणि बाबा गावाला सांगतील की मिस्त्रीनं बसवला. पोरगी? हो, ती घेऊन आली होती पोत्यात.

आणि मिस्त्रीचा गिअर आधी तुटला तर?

घरी आल्यावर मी डबा मोरीत रॉकेलनं धुतला, खोलून पाहिला, दात सगळे शाबूत होते. नवीन ग्रीस भरलं, वरूनही चोळलं, पोत्यात गुंडाळला आणि दिवाणाखाली सारला. दुसऱ्या दिवशी मैदानात मिस्त्रीनं मला त्याचं नवीन दातेरी चाक दाखवलं. सुरेख काम होतं. आरशासारखं घासलेलं. "कसं झालं, मॅडम?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, छान झालं आहे.

आठ दिवस तो डबा दिवाणाखाली होता आणि मी त्याच्यावर झोपत होते.

पुढच्या रविवारी सकाळी मिस्त्रीचा गिअरबॉक्स बसला. सगळं आवळून झाल्यावर तो बाहेर आला आणि सुभेदारांना म्हणाला, साहेब, तुम्ही बसा, तुम्ही फिरवा. स्वतः एक लांब पेचकस, म्हणजे स्क्रू ड्रायव्हर, घेऊन खाली उभा राहिला. पेचकसाचं टोक मुंडक्याच्या कडेला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मशीनच्या पोटातला आवाज असा ऐकता येतो, ते मलाही माहीत आहे, मी पोरांना शिकवते. पण तेव्हा माझ्या मनात आलं ते दुसरंच: पाहा कसा हुशार आहे, तुटलं तर नाव सुभेदारांचं. खऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मात्र स्वतः बसेल.

मुंडकं हललं. हातभर हललं असेल. पेटीवरून बाबा उठून उभे राहिले. मग आतून कट्ट असा आवाज आला, लगेच दुसरा, आणि हँडल मोकळं फिरायला लागलं.

मिस्त्री आत जाऊन आला. त्याच्या तळहातावर दोन दात होते, तुटलेले.

"माह्याच हातचं काम कच्चं निघालं," तो म्हणाला आणि ओट्याच्या कडेवर बसला. बाबांनी त्याला तांब्या दिला आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. माझा बाप कुणाच्या खांद्यावर हात ठेवणारा माणूस नाही. आई गेली तेव्हाही त्यांनी माझ्या खांद्यावर ठेवला नव्हता. मिस्त्री चुकावा याची दोन वर्षं वाट पाहिली, ते माझ्यासमोर घडलं होतं, आणि मी मात्र त्या हाताकडं पाहत होते.

सोमवारी कशाची तरी सुट्टी होती. मी सकाळीच रिक्षानं डबा मैदानात नेला. सगळ्यांना बोलावलं, मिस्त्रीलाही. सुभेदारसाहेबांनी नंबर वाचला, पट्टीवरचा नंबर वाचला, परत डब्यावरचा वाचला, आणि मला कडक सॅल्यूट ठोकला. बोर्ड रंगवणारा एक जण आमच्यात होता, त्यानं फोटो काढले. मी सांगितलं की पांढुर्ण्याला मिळाला. कधी मिळाला ते सांगितलं नाही, आणि कुणी विचारलंही नाही.

मिस्त्रीनं डबा मांडीवर घेतला. झाकण काढलं. आत अंगठा फिरवला, मग कडेवरून फिरवला. दोन बोटांत ग्रीस चोळून पाहिलं. मग माझ्याकडं न पाहता, मला आणि माझ्यामागं उभ्या असलेल्या बाबांनाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "मॅडम, ग्रीस मुरलं हाय. आठक दिवसाचं असन."

माझे कान तापले. बाबांनी मान खाली घातली, तेवढं मला दिसलं.

मिस्त्रीनं अंगठा पँटला पुसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "एक नंबर डबा हाय. मॅडमनं आनला, मॅडमच बसवतीन."

तो ओरडला असता, सगळ्यांसमोर मला उघडं पाडलं असतं, तर बरं झालं असतं. मला भांडता आलं असतं. हा माणूस मोठेपणातही माझ्यापुढं गेला, याचाच मला जास्त राग आला.

घरी आल्यावर बाबा भाकरीपुढं बसले. मी वाढत होते.

"तुमी पाहिलं होतं दिवाणाखाली?" मी विचारलं.

"घरात झाडू कोन मारते?"

आई गेल्यापासून झाडू तेच मारतात. मी म्हटलं, "मग बोलले काऊन नाही?"

"मले वाटलं, तू सांगशीन. रोज वाटे, आज सांगते."

तिथं मी गप्प बसायला हवं होतं. पण माझं तोंड सुटलं. जन्मभर मिस्त्री, मिस्त्री. त्यानं चामडं शिवलं ते गावाला सांगता, मी वर्षभर पाय तुडवले ते नाही सांगत. मी पाच वर्षं खानावळीचं खाऊन शिकले ते तुम्हाला दिसत नाही. माझे हात कधी पाहिले का तुम्ही? एकदा तरी? असं बरंच बोलले. बाबा ऐकत राहिले. भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच होता.

"त्यानं मले मशीनपाशी बोलावलं, बाई," ते म्हणाले. "तू मले फाटकापाशी ठेवलं."

मला लगेच आठवलं नाही, असं लिहिलं असतं तर बरं दिसलं असतं. पण लगेच आठवलं. नोकरी लागली त्या पहिल्या महिन्यात बाबा आयटीआयवर आले होते, पंच्यात संत्री बांधून. चौकीदारानं निरोप पाठवला की कुणीतरी म्हातारा आला आहे. माझा वर्कशॉपचा तास चालू होता. मी फाटकावर आले, संत्री घेतली, तास चालू आहे म्हणाले, आणि त्यांना तिथूनच परत पाठवलं. पोरं पाहत होती. चौकीदारानं विचारलं, कोण होते मॅडम? तर मी म्हटलं, ओळखीचे. त्यानंतर आणखी एकदा ते आले होते, तेव्हा मी निरोप पाठवला की बाहेर येता येत नाही. माझे हात त्यांनी कुठून पाहायचे होते?

बाबांनी भाकरी संपवली, ताट उचललं आणि मोरीत नेऊन ठेवलं.

डबा मी बसवला. तीन रविवार लागले. आत एकाच माणसाला नीट बसता येईल एवढी जागा, त्यात मी पाना घेऊन आडवी, आणि मिस्त्री वरच्या झाकणातून बॅटरी धरून. त्यानं एका बोल्टलाही हात लावला नाही. डावीकडचा आधी आवळा, मग समोरासमोरचा, एवढंच सांगायचा. मला ते आधीच माहीत असायचं, तरी तो म्हणाला की मला वाटायचं, हे मीच आधी म्हणायला पाहिजे होतं. बाबा पेटीवर यायचे. चहा अजूनही आधी मिस्त्रीला. पण मला एवढं पक्कं माहीत होतं की डबा मी आणला, मी बसवला, आता सीट माझी. ती तरी माझी.

सव्वीस जानेवारीला सकाळी झेंडावंदन झालं. शाळांची पोरं, बाया, बाजाराला आलेले लोक, सगळे मैदानात जमले. टँकला हिरवा रंग दिला होता, किती वर्षांनी हार घातला होता. टपरीवाला टपरी सोडून पुढं येऊन उभा होता. मी आदल्या दिवशी नवीन कुर्ता इस्त्री करून ठेवला होता, तो घातला होता. सुभेदारसाहेबांनी चार शब्द सांगितले आणि म्हणाले, "चलो. कौन बैठेगा?"

मी शिडीवर पाय ठेवला.

"मॅडम," मिस्त्री खालून म्हणाला. "तुमी नाई."

मी वळले. मनात म्हटलं, आला शेवटी मुद्द्यावर. "मी बसवला आहे तो," मी म्हटलं, जरा मोठ्यानंच.

"म्हनूनच. ज्यानं बसवलं त्यानं नाई फिरवाचं." तो मला आयटीआयतल्या पोराला समजावावं तसं समजावत होता. "आपलं काम चालावं असं आपल्याले वाटते ना? मंग अडलं तरी हात जोर लावते. कान बी आपल्याले पायजे तेच आयकते. म्हनून दुसऱ्याच्या हातात द्याचं. आपन बाहीर उभं राहून आयकाचं."

सुभेदार माझ्याकडं पाहत होते, मी मिस्त्रीकडं. माझा पाय शिडीवरच होता.

"जिनात असंच राहे, बाई," बाबा म्हणाले. ते पेटीवरून उठले होते. "मिस्त्री मशीन बांधे, अन् चालू कराले मले बोलावे. म्हने, तुले मशीनचं काई घेनं-देनं नाई, तुह्या हातात खोट नाई. दरसाल पहिली मशीन मी चालू करो. सांगतलं ना मी तुले."

सांगितलं होतं. वीस वर्षं सांगत होते.

मी पाय खाली घेतला. म्हणजे त्या रविवारी मिस्त्री पेचकस घेऊन बाहेर उभा राहिला तो नाव वाचवायला नव्हे. त्या सीटवर बसायचं त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी दोन वर्षं ज्या माणसाशी त्या सीटसाठी झगडत होते त्याला ती नकोच होती, आणि मी डबा लपवून, तो स्वतः बसवून, माझ्याच हातानं ती घालवली होती. डबा सापडला त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्या रविवारी, तो त्याच्या मांडीवर ठेवला असता तर त्यानं बसवला असता, आणि फिरवायला कदाचित मलाच बोलावलं असतं.

मिस्त्रीनं बाबांसाठी शिडीपाशी पेटी सरकवली. सुभेदारांनी वरून हात दिला. सत्तरी ओलांडलेला माझा बाप धोतर खोचून टँकच्या झाकणातून आत उतरला, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला माझ्या बापाचाही हेवा वाटला.

मग मिस्त्रीनं त्याचा लांब पेचकस माझ्यापुढं धरला. लाकडी मूठ त्याच्या कानाला लागून-लागून काळी, गुळगुळीत झालेली. "घ्या," तो म्हणाला. "आज तुमचा कान."

मी टोक मुंडक्याच्या कडेला टेकवलं, मूठ कानाला लावली. मैदानातली गडबड एका बाजूला राहिली. आधी काहीच नाही. मग आत हँडलचा कुरकुराट, आणि त्याच्यामागं जड, गोल आवाज, बाबांनी पुसलेल्या गोळ्यांचा. एकसारखा. मुंडकं निघालं होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्या मला लांबून आल्यासारख्या वाटल्या. तेवढ्यात त्या गोल आवाजात एक टिक् आली. थोडं थांबून दुसरी.

आतून बाबांचा आवाज आला, डब्यात बोलल्यासारखा. "बाई, जड लागून राहिलं. थांबू का फिरवू?"

मिस्त्री माझ्या शेजारी उभा होता. त्याला उत्तर ठाऊक असणार, पण सांगणं त्यानं माझ्यावर सोडलं होतं. सगळं गाव पाहत होतं आणि माझ्या मनात स्पष्ट आलं की म्हणावं, फिरवा, काही नाही होत. माझा डबा होता. तो चालायलाच पाहिजे होता.

मी परत ऐकलं. टिक्.

"थांबा, बाबा," मी म्हटलं. "अर्धा फेरा मागं घ्या. हळू."

बाबांनी मागं घेतलं. आत काहीतरी खडखडलं आणि खाली पडलं. गंजाची खपली असेल नाही तर जुना खडा. मग आवाज परत एकसारखा झाला.

"आता फिरवा."

मुंडकं वळत गेलं. नळी टपरीवरून निघाली, लिंबाच्या झाडावरून गेली, शाळेच्या पोरांच्या डोक्यांवरून गेली तशी पोरं हसत खाली वाकली, आणि गावाबाहेरच्या मोकळ्या रानाकडं येऊन थांबली. टपरीवाला तिच्याकडं पाहत म्हणाला, आता चहा पातळ करायला मला कुणाची भीती नाही.

बाबा बाहेर आले तेव्हा त्यांचे दोन्ही हात ग्रीसनं भरले होते. त्यांनी आधी मिस्त्रीकडं पाहिलं. मी तेही मोजलं, सवय जात नाही. मग ते माझ्यापाशी आले.

"ते मधी काय अडलं होतं?" त्यांनी विचारलं. "तुले कसं समजलं?"

लोकांच्या गर्दीत ते सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, "उद्या आयटीआयत या. तिथं असाच गिअर आहे, खोलून दाखवते."

"फाटकावर काय सांगू?"

"मॅडमचा बाप आहे म्हणून सांगा. नाही तर मीच येते फाटकावर."

बाबांनी धोतराला हात पुसले आणि थोडा विचार केला. मग म्हणाले, "मिस्त्रीले बी घेऊन येऊ का संगं?"

मी पेचकसाची मूठ ओढणीनं पुसत होते. पुरती पुसून झाल्यावर म्हटलं, "आणा."